पाचवी गायिका

डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई पोलिसांनी अंधेरीतल्या एका बारवर छापा घातला. ग्राहकांसमोर तरुणींना नाचवलं जातं अशी तक्रार होती. पोलिस आत शिरले तेव्हा एकही तरुणी दिसेना. स्वच्छतागृह, स्वयंपाकघर, सामानाची खोली, सगळं धुंडाळून झालं. कित्येक तास गेल्यावर मेकअप रूमच्या भिंतीत बसवलेल्या मोठ्या आरशाबद्दल संशय आला. आरसा फोडला तर त्याच्यामागे विजेवर उघडणारं दार आणि दारापलीकडे चोरखोली निघाली. तिथे १७ जणी दाटीवाटीने बसलेल्या होत्या. वर्तमानपत्रांना त्या दाराच्या करामतीचं फार कौतुक वाटलं, आणि बातमी दोन दिवसांत विरून गेली. त्या रात्री बाहेर शॉर्टसर्किट झालं असतं, वीज गेली असती, तर ते विजेवरचं दार उघडलं असतं का, हे कोणी विचारल्याचं आठवत नाही. एवढी मोठी खोली इमारतीच्या मंजूर नकाशात होती का, हा प्रश्नही मागेच राहिला.

त्या सतराजणींना तिथे कोंबणं हा बार चालवणाऱ्यांचा गुन्हा, यात शंका नाही. पण अशी खोली बांधायची गरज का पडते, याच्या उत्तराचा मोठा भाग परवान्याच्या कागदात आहे. महाराष्ट्रात बारमध्ये नाचाचे परवाने मिळणं जवळपास बंद झाल्यावर जो प्रकार उरला, तो ऑर्केस्ट्रा बार. तिथे गाता येतं, वाजवता येतं. या परवान्यात त्या काळी एक अट होती: मंचावर एका वेळी फार तर आठ कलावंत, आणि त्यांत चार पुरुष व चारच स्त्रिया. पाचवी गायिका चांगली गाणारी असो वा नसो, तिचा पगार नियमित बँकेत जमा होत असो वा नसो, मंचावर ती उभी राहिली की परवान्याचा भंग झाला. १८ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. के. एम. जोसेफ आणि न्या. रवींद्र भट यांच्या खंडपीठाने ‘हॉटेल प्रिया’ प्रकरणात ही अट रद्द केली. एकूण आठांची मर्यादा न्यायालयाने कायम ठेवली. आठांत बायका किती आणि पुरुष किती हे ठरवण्याचा अधिकार मात्र परवाना देणाऱ्याला नाही, असं स्पष्ट केलं. स्त्रीच्या संरक्षणाच्या नावाखाली घातलेली अट प्रत्यक्षात तिचं काम हिरावून घेते, हा त्या निकालाचा गाभा आहे.

परवाना देणाऱ्याने मोजदाद करूच नये, असं माझं म्हणणं नाही. उलट ती कडक करावी. फक्त मोजायचं काय, ते बदलायला हवं. खोलीत किती माणसं मावतात, बाहेर पडायला किती दारं आहेत, भिंतीपलीकडे किती आवाज जातो, काम करणाऱ्यांना मोबदला कसा मिळतो, हे मोजावं. कलावंताचं लिंग, वेश आणि चारित्र्य हे परवान्याचे विषय नव्हेत. आणि ज्या गोष्टी मोजायच्या, त्या मोजण्याचं काम पोलिस ठाण्यापेक्षा महापालिकेचं आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन शहरांच्या संदर्भात हे म्हणणं मांडतो आहे, कारण पोलिस आयुक्तालय एक आणि महापालिका अनेक, अशी रचना इथे आहे आणि तिचे परिणाम उघड दिसतात.

आज एखाद्याला ठाण्यात नौपाड्याला किंवा कल्याणला स्टेशनजवळ दारू देणारं रेस्टॉरंट काढून संध्याकाळी तिथे गाणं ठेवायचं असेल, तर त्याला बऱ्याच दारांत उभं राहावं लागतं. दारूसाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एफएल-तीन परवाना, ज्याला बोलीभाषेत परमिट रूमचं लायसन्स म्हणतात. अन्नासाठी अन्न सुरक्षेचा परवाना. जागेसाठी महापालिकेचे दाखले आणि अग्निशमन दलाची ना हरकत. आणि गाण्यासाठी पोलिस. या शेवटच्या परवान्याचं मूळ १९५१ च्या पोलिस कायद्याच्या कलम ३३ मध्ये आणि सार्वजनिक करमणुकीच्या जागांसाठी १९६० मध्ये केलेल्या नियमांत आहे. मेळे आणि तमाशे त्याच नियमांच्या शीर्षकात नावानिशी आहेत. आयुक्तालय असेल तिथे पोलिस आयुक्त आणि इतरत्र जिल्हा दंडाधिकारी हा परवाना देतात. ठाणे पोलिस आयुक्तालयाच्या हद्दीत ठाणे, कल्याण-डोंबिवली, भिवंडी आणि उल्हासनगर या चार महापालिका आणि अंबरनाथ, बदलापूर या नगरपालिका येतात. घंटाळीजवळची जुनी वस्ती, घोडबंदर रस्त्यावरचे मॉल, कल्याण-शिळ रस्त्यावरचे बार आणि उल्हासनगरचा बाजार या सगळ्यांची संध्याकाळ एकाच कार्यालयातून ठरते. त्या कार्यालयाला कोणी निवडून दिलेलं नसतं, आणि त्याच्या हातात इमारतीचा नकाशाही नसतो.

या विभागणीतून असं होतं की प्रत्येक जण आपला कागद तपासतो आणि ती खोली कोणीच पाहत नाही. उत्पादन शुल्क विभागाचा निरीक्षक बाटल्यांचा साठा आणि नोंदवही जुळवतो. पोलिस मंचावरची माणसं आणि घड्याळ पाहतो. स्वयंपाकघराची स्वच्छता तिसरा पाहतो. अग्निशमनाचा नियम तसा चांगला आहे: २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीच्या मालकाने किंवा वापरणाऱ्याने परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा तपासून घेऊन दर जानेवारीत आणि जुलैत ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यायचं असतं. पण ते प्रमाणपत्र आलं नाही म्हणून रात्रीचं गाणं थांबलं, असं होत नाही, कारण गाण्याचा परवाना दुसऱ्याच कार्यालयात आहे. आरशामागची खोली मंजूर नकाशाबाहेरचं बांधकाम आहे, तिला बाहेर पडायचा मार्ग नाही, म्हणजे ती मुळात महापालिकेची बाब. ती सापडते मात्र पोलिसांना, तीही अश्लीलतेच्या तक्रारीवरून, हातोडा घेऊन भिंती ठोकत फिरल्यावर.

हे असं का झालं, हे समजायला २००५ कडे वळावं लागतं. त्या वर्षी उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी डान्स बार बंद करायचं ठरवलं. पोलिस कायद्यात कलम ३३अ आणि ३३ब घालण्यात आली आणि १५ ऑगस्ट २००५ पासून बंदी लागू झाली. खाणावळ, परमिट रूम आणि बिअर बार इथे नाचाला मनाई. जिमखाने आणि तीन तारांकित व त्यावरच्या हॉटेलांना मात्र मुभा. एप्रिल २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली. १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. तोच नाच तारांकित हॉटेलात सभ्य आणि परमिट रूममध्ये असभ्य कसा होतो, याचं उत्तर सरकारला देता आलं नाही. मग २०१४ मध्ये विधिमंडळाने एकमताने तारांकितांची सवलतच काढून घेतली, म्हणजे समानता आणली ती बंदी वाढवून. ऑक्टोबर २०१५ मध्ये न्यायालयाने तिलाही स्थगिती दिली. २०१६ मध्ये अश्लील नृत्यास प्रतिबंध आणि स्त्रियांच्या प्रतिष्ठेचं संरक्षण अशा लांबलचक नावाचा नवा कायदा आला.

त्या कायद्याच्या आणि त्याखालच्या नियमांच्या अटी वाचल्या की परवाना देणाऱ्याला भीती नेमकी कशाची वाटते ते कळतं. शाळा आणि प्रार्थनास्थळांपासून एक किलोमीटर अंतर. नाचाच्या जागी सीसीटीव्ही. दारू पिण्याची जागा आणि नाचाची जागा यांच्यामध्ये भिंत. परवाना मागणारा ‘चांगल्या चारित्र्याचा’ असावा. १७ जानेवारी २०१९ रोजी न्या. ए. के. सिक्री आणि न्या. अशोक भूषण यांच्या खंडपीठाने या अटी रद्द केल्या. ठाणे किंवा डोंबिवलीसारख्या दाट शहरात एक किलोमीटरच्या वर्तुळात शाळा, देऊळ, मशीद यांतलं काहीही नसेल अशी जागा शोधून सापडणार नाही. अट पाळता येऊच नये अशीच ती होती. संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा ही वेळ न्यायालयाने राखली. नोटा उधळण्यावरची बंदीही राखली. लेखी करार आणि बँकेत मोबदला या गोष्टींना न्यायालयाने हरकत घेतली नाही, हे इथे लक्षात ठेवण्याजोगं आहे. म्हणजे चौदा वर्षांच्या लढाईत न्यायालयात टिकल्या त्या वेळेच्या, वागणुकीच्या आणि कामाच्या मोबदल्याच्या अटी. पडल्या त्या चारित्र्याच्या आणि सोवळ्याच्या अटी. चांगला नियम कसा लिहावा याचा धडा यात आयता होता. तो कोणी घेतला नाही. न्यायालयाने दार उघडलं तरी नाचाचे परवाने मिळेनात, आणि सगळा धंदा ऑर्केस्ट्राच्या परवान्याआड गेला.

ठाण्यात त्यानंतर जे घडत आलं त्याचा एक ठरीव क्रम झाला आहे. आधी कुठेतरी बोभाटा होतो, मग एका आठवड्यात सगळ्या यंत्रणा जाग्या होतात. २८-२९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री मुंबईत कमला मिल्सच्या आवारातल्या गच्चीवरच्या रेस्टॉरंट-पबना लागलेल्या आगीत १४ जण गेले, तेव्हा आसपासच्या शहरांनाही हॉटेलांच्या अग्निसुरक्षेची आठवण झाली. जुलै २०२१ मध्ये करोनाचे निर्बंध असताना ठाण्यात बार छमछमत असल्याचं एका वृत्तवाहिनीने दाखवलं. काही पोलिस अधिकाऱ्यांवर निलंबनाची आणि बदलीची कारवाई झाली आणि महापालिकेने बारना सील ठोकलं. जून २०२४ मध्ये पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या एका बारमधली अमली पदार्थांची चित्रफीत फिरली, मुख्यमंत्र्यांनी बुलडोझरचे आदेश दिले, आणि काही दिवसांत तो ठाण्यात कोठारी कंपाउंड आणि घोडबंदर रस्त्यावर पोचला. शेड, गच्चीवरचे छत, वाढीव बांधकामं पाडली गेली. बांधकाम बेकायदा होतं तर ते पाडलं हे योग्यच. पण ते एका रात्रीत उभं राहिलेलं नव्हतं. तोडायला आलेल्या महापालिकेच्याच अखत्यारीत ते उभं होतं, आणि पुण्यात चित्रफीत फिरली नसती तर ते पुढेही उभंच राहिलं असतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाडकामापूर्वी किमान पंधरा दिवसांची नोटीस बंधनकारक केली. त्यामुळे आता असा एका आठवड्याचा धडाकाही कायद्यात बसणार नाही. रोजची तपासणी हाच मार्ग उरतो.

रोजची तपासणी नसली की काय होतं, हे गोव्याने डिसेंबर २०२५ मध्ये पाहिलं. हडफड्याच्या एका नाइट क्लबमध्ये कार्यक्रम चालू असताना आग लागली आणि २५ माणसं मेली. त्या बांधकामाला स्थानिक पंचायतीने पाडण्याची नोटीस दिलेली होती. वरच्या कार्यालयातून तिला स्थगिती मिळाली होती. मेलेल्यांत बहुतेक तिथे काम करणारी माणसं होती. करमणुकीच्या जागेचा नियम चुकतो तेव्हा पहिला बळी स्वयंपाकघरातल्या, मंचावरच्या, भांडी घासणाऱ्या माणसाचा जातो. नीतीच्या चर्चेत ही माणसं कधीच नसतात.

योगायोग असा की महाराष्ट्राने बंदी घातली त्याच वर्षी इंग्लंडने नेमकी उलट वाट धरली. तिथला २००३ चा लायसन्सिंग कायदा २४ नोव्हेंबर २००५ पासून पूर्ण अमलात आला. दारूचे परवाने तोवर न्यायदंडाधिकारी देत. ते काम निवडून आलेल्या स्थानिक कौन्सिलकडे गेलं, आणि दारू, गाणं, नाच हे एकाच परवान्यात आले. परवाना नाकारायचा असेल तर चारच कारणं चालतात: गुन्हे रोखणं, लोकांची सुरक्षितता, शेजाऱ्यांना उपद्रव न होणं, आणि मुलांना इजेपासून जपणं. पोलिसांना म्हणणं मांडता येतं, शेजाऱ्यालाही येतं, सुनावणी उघड होते. या कायद्यातही खोट निघाली. पूर्वी दोन वादकांपर्यंत वेगळा परवाना लागत नसे, ती सूट गेली आणि छोट्या पबमधलं गाणं आटलं. मग २०१२ मध्ये वेगळा कायदा करून सकाळी आठ ते रात्री अकरा या वेळेत लहान श्रोतृसमूहापुढच्या गाण्याला परवान्यातून मोकळं केलं गेलं. न्यूयॉर्कची गोष्ट याहून जवळची वाटावी अशी आहे. तिथे १९२६ पासून खाण्यापिण्याच्या ठिकाणी नाचाला कॅबरे परवाना लागे. पुढे कलावंतांनाही पोलिसांचं कार्ड काढावं लागे, आणि ते जप्त झालं म्हणून बिली हॉलिडे आणि थेलोनियस मंक यांच्यासारख्यांना त्या शहरातल्या क्लबांत वर्षानुवर्षं काम करता आलं नाही. परवाना नसलेल्या जागी तीनच वादक, तेही ठरावीक वाद्यांचे, अशी अट १९८८ पर्यंत होती. न्यायालयाने ती मोडली. २०१७ मध्ये कायदाच रद्द झाला, तेव्हा हजारो रेस्टॉरंट-बारांपैकी शंभरांकडेही कॅबरे परवाना नव्हता. तिथे तीन वादक मोजले, इथे चार बायका मोजल्या. कायदा राबला तो पोलिसाला वाटेल तेव्हा दार ठोठावता यावं एवढ्यापुरता.

दूर जायचं नसेल तर दिल्ली पाहावी. जून २०२५ मध्ये नायब राज्यपालांच्या आदेशाने हॉटेलं, खाणावळी, डिस्कोथेक, प्रेक्षागृहं, मनोरंजन उद्यानं अशा सात प्रकारच्या व्यवसायांना परवाना देण्याचा दिल्ली पोलिसांचा अधिकार काढून घेण्यात आला आणि तो महापालिका व संबंधित नागरी संस्थांकडे गेला. पोलिसांनी गुन्ह्यांकडे लक्ष द्यावं, हे त्यामागचं साधं कारण. राज्यघटनेचा कलही तिकडेच आहे. बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांची म्हणून जी कामं सांगितली आहेत, त्यांत जमीनवापर आणि इमारतींचं नियमन आहे, अग्निशमन आहे, आणि सांस्कृतिक बाबींना चालना देणंही आहे. वस्तू आणि सेवा कर आला तेव्हा करमणुकीवरचा कर राज्यांच्या हातून गेला, पण स्थानिक संस्थांनी लावून वसूल करायचा तेवढा भाग घटनेत शाबूत ठेवला गेला. करमणुकीचा कर नगरपालिकेचा मानायचा आणि करमणुकीचा परवाना पोलिसाचा, याला काही तर्क नाही.

शिवाय या दोन महापालिकांना मंच म्हणजे काय हे नव्याने शिकवायला नको. ठाणे महापालिका राम गणेश गडकरी रंगायतन आणि काशिनाथ घाणेकर नाट्यगृह चालवते. पंडित राम मराठे यांच्या नावाने संगीत महोत्सव भरवते. कल्याणचं आचार्य अत्रे रंगमंदिर आणि डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले नाट्यगृह कल्याण-डोंबिवली महापालिकेची आहेत. खुर्च्या किती, दारं कुठे उघडतात, मध्यंतरात गर्दी कशी सरकते, विंगेत कुठे तारा लोंबतात, हे या संस्थांच्या माणसांना रोजच्या कामामुळे ठाऊक आहे. दिवाळी पहाटेला डोंबिवलीच्या फडके रस्त्यावर आणि ठाण्याच्या राम मारुती रस्त्यावर, तलावपाळीवर तरुणांचा जो लोंढा लोटतो, तो सांभाळण्यात महापालिकांचाही हात असतो. एवढा अनुभव असलेल्या संस्थेला ऐंशी खुर्च्यांच्या रेस्टॉरंटमधला दहा फुटी मंच झेपणार नाही, असं मानायला कारण नाही.

आणि इथे एका वेगळ्याच नुकसानाची नोंद करायला हवी. गिटार घेऊन बसलेला मुलगा, हार्मोनियम-तबल्यावरची गझल, की-बोर्ड आणि ऑक्टोपॅडवर जुनी गाणी गाणारी जोडी, या सगळ्यांना ऑर्केस्ट्रा बारच्याच मापाने मोजलं जातं. रेस्टॉरंटवाल्याने हिशेब केला की त्याला कळतं, पोलिसांच्या दारात वर्षभर उभं राहण्यापेक्षा स्पीकर लावलेला बरा. तो स्पीकर गझलेपेक्षा दसपट मोठ्याने वाजतो, पण त्याला कलावंताचे कागद लागत नाहीत. ज्या डोंबिवलीत गाणं शिकणारी मुलं घरोघर आहेत, तिथे त्यांना संध्याकाळी पाचशे-हजार रुपये मानधनावर गाता येईल अशा जागा बोटांवर मोजण्याइतक्या, आणि ज्या आहेत त्यांच्याभोवती बदनामीचं कुंपण. लहान मंचाला सूट आणि मोठ्या मंचाला कडक नियम, हा इंग्लंडने ठेच खाऊन शिकलेला भेद आपण पहिल्या दिवसापासून करू शकतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो घराचा. बारमध्ये पगार उडतात, जमिनीच्या मोबदल्याचे पैसे उडतात, पोरं बिघडतात, बायका भोगतात. आर. आर. पाटील यांचा मुद्दा हाच होता, आणि त्यांच्या कळकळीबद्दल मला शंका नाही. ठाणे जिल्ह्यात जमीन विकून आलेला पैसा कसा वाहून गेला, हे गावोगाव लोकांना माहीत आहे. प्रश्न एवढाच की बंदीने ते थांबलं का. २०१३ च्या निकालात न्यायालयाने नोंदवलं की बंदीमुळे असंख्य स्त्रिया बेकार झाल्या आणि त्यांतल्या अनेकींना वेश्याव्यवसायाकडे वळावं लागलं. बारबालांच्या संघटनेचा आकडा ७५ हजारांचा होता. तो जास्त धरला तरी, त्याच्या निम्म्या बायकांच्या पोटावर पाय देऊन कोणाचं घर वाचलं, याचा हिशेब सरकारने कधी मांडला नाही. एसएनडीटी विद्यापीठाचं स्त्री अभ्यास केंद्र आणि स्त्री अत्याचार विरोधी मंच यांनी ५०० बारबालांशी बोलून केलेला अभ्यास न्यायालयापुढे होता. घर चालवणाऱ्या, भावंडांना शिकवणाऱ्या बायका त्यात दिसतात. पैसे उधळण्यावर बंदी, वेळेची मर्यादा, अल्पवयीनांना मज्जाव हे घराच्या बाजूचे नियम आहेत आणि ते राहिलेच पाहिजेत. महापालिका परवाना देऊ लागली म्हणून त्यांतला एकही ढिला होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे, आणि तो खरा आहे. महापालिकेच्या हातात परवाना द्यायचा म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या, असं कल्याण-डोंबिवलीतला कोणीही म्हणेल. बनावट परवानगीपत्रांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवून उभारलेल्या ६५ इमारतींचं प्रकरण याच महापालिकेच्या हद्दीतलं; नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला तेव्हा शेकडो कुटुंबं उघड्यावर येण्याच्या भीतीने हवालदिल झाली. शिळ रस्त्यालगतच्या सत्तावीस गावांची कथा वेगळी नाही. ती महापालिकेत आली, बाहेर गेली, एमएमआरडीएच्या नियोजनाखाली राहिली, २०१५ मध्ये पुन्हा आत आली. तिथल्या एखाद्या बारचा मंजूर नकाशा शोधायचा तर तो कोणत्या कपाटात, इथपासून सुरुवात. हे सगळं मान्य करूनही मी महापालिकेच्याच बाजूने आहे, कारण पर्याय स्वच्छ नाही. ज्या अटी मुळात पाळता येण्यासारख्या नसतात, त्या हप्त्याची सोय करून ठेवतात. चार की पाच हे रोज रात्री मोजायचं असेल तर मोजणाऱ्याला रोज रात्री भाव येतो. महापालिकेचा भ्रष्टाचार निदान विचारता येतो. सर्वसाधारण सभेत नगरसेवक प्रश्न लावू शकतो, यादी मागू शकतो, प्रभागातले लोक त्याला पाच वर्षांनी घरी बसवू शकतात. पोलिस आयुक्ताच्या परवान्याबाबत असं विचारायला सामान्य माणसाकडे माहिती अधिकाराचा अर्ज आणि उच्च न्यायालय यांच्यामध्ये काहीच नाही. मात्र अट एकच, आणि तिच्यावर तडजोड नको: परवाना देताना नकाशा, अग्निप्रमाणपत्र, क्षमता आणि तपासणीची तारीख महापालिकेच्या संकेतस्थळावर आणि बारच्या दारावर लागलीच पाहिजे. झाकून दिलेला परवाना पोलिसाने दिला काय आणि महापालिकेने दिला काय, सारखाच.

बायकांच्या सुरक्षिततेसाठी पोलिस हवेत, हे म्हणणं बरोबर आहे. त्यासाठी पोलिसाने परवाना द्यावा, हे त्यातून निघत नाही. मानवी तस्करी, बळजबरी, अल्पवयीन मुली, छेडछाड यांसाठी १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा आणि फौजदारी कायदे आहेत, आणि ते कोणत्याही जागी, परवाना कोणाचाही असो, लागू होतात. परवाना देणाराच छापा घालणारा असेल तर छापा कधी घालायचा नाही हेही तोच ठरवतो. शिवाय पोलिस हाच परवान्याचा मालक असल्यावर मालकाने पगार बुडवला किंवा ग्राहकाने हात धरला म्हणून त्याच ठाण्यात तक्रार द्यायला जाणारी गायिका विरळा. तिच्या डोळ्यांसमोर पुढच्या छाप्यात तोंडाला ओढणी गुंडाळून गाडीत चढणाऱ्या बायकांचं चित्र असतं. लेखी करार, बँकेत मोबदला, घरी सोडायला गाडी, कपडे बदलायला नकाशात दाखवलेली आणि दोन दारं असलेली खोली, या अटी परवान्यात घातल्या आणि त्या मोडल्या तर परवाना निलंबित झाला, तर तिच्यासाठी ते संरक्षण चाराच्या मर्यादेपेक्षा कितीतरी पटीने खरं आहे.

शेजाऱ्यांचा आक्षेप मात्र मी आक्षेप मानत नाही; तो माझ्या बाजूचा पुरावा आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार निवासी भागात रात्री दहानंतर ४५ डेसिबल आणि व्यापारी भागात ५५ डेसिबलची मर्यादा आहे. बंद सभागृहाला ध्वनिक्षेपकाची जी मुभा आहे, ती आवाज भिंतीआड राहील या हिशेबावर. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिलेल्या निकालाने उत्सवांच्या आवाजाबाबत यंत्रणांना कान पकडून जाग आणली. ती याचिका या शहरातूनच जावी लागली, हे विसरता कामा नये. रात्री बाराला वरच्या मजल्यावर आजारी माणूस तळमळत असेल तर त्याला गायिका किती आहेत याच्याशी कर्तव्य नसतं. त्याला खालच्या भिंतीला ध्वनिरोधक थर आहे का आणि तक्रार केल्यावर कोणी यंत्र घेऊन येतं का, याच्याशी असतं. कोणत्या रस्त्यावर, कोणत्या मजल्यापर्यंत, किती वाजेपर्यंत गाणं चालेल, हे प्रभागानुसार वेगळं असायला हवं. गोखले रस्त्याचा नियम घोडबंदरला बसणार नाही आणि टिळक रस्त्याचा मानपाड्याला. असा बारीक नियम चार महापालिकांच्या हद्दीवर बसलेलं एक आयुक्तालय करू शकत नाही. करायचं झालं तर ज्याला त्या रस्त्यावर मतं मागायची आहेत त्यानेच करावं.

यासाठी पोलिस कायद्याच्या कलम ३३ खालचे करमणुकीच्या परवान्याचे अधिकार महापालिका क्षेत्रात महापालिकेकडे देण्याचं काम राज्य सरकारला करावं लागेल. पण तोवर हात बांधून बसायचं कारण नाही. कल्याण-डोंबिवली महापालिका नोव्हेंबर २०२० पासून आणि ठाणे महापालिका मार्च २०२२ पासून प्रशासकाच्या हाती होती. १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झालं आणि ठाण्यात १३१, कल्याण-डोंबिवलीत १२२ नगरसेवक सभागृहात बसले. आपल्या प्रभागात दारू देणारी आणि गाणं चालणारी रेस्टॉरंट किती, त्यांचे मंजूर नकाशे कुठे आहेत, गेल्या जुलैचं अग्निप्रमाणपत्र कोणाकोणाचं आलं, हे तीन प्रश्न कोणताही नगरसेवक आजच्या कायद्यातही सर्वसाधारण सभेत लावू शकतो. त्यांची उत्तरं महापालिकेच्या कार्यालयातच आहेत. तुमच्या नगरसेवकाला हे प्रश्न लावायला सांगा, आणि उत्तर लेखी मागा.